जगाचे लोकसंगीत: गाणी सुचवण्याऐवजी ध्वनिमुद्रणे का सुचवावीत

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. जगभरच्या लोकसंगीताची शंभर गाण्यांची एक तयार यादी आपण दोन आठवडे ऐकली आणि शेवटी त्यातले एकही गाणे मनात राहिले नाही, तेव्हा सुरुवात नेमकी कुठून करावी, हा पहिला प्रश्न. भाषा कळत नसताना शब्दांचा अर्थ गाण्याच्या आधी वाचावा की नंतर, हा दुसरा. असे संगीत कधीच न ऐकलेल्या मित्रमंडळींना एकच गाणे ऐकवायचे झाले तर कोणते निवडावे, हा तिसरा. गेली चोवीस वर्षे मी लोकसंगीताची श्रवणसत्रे घेत आले आहे आणि रेडिओसाठी कार्यक्रमही तयार करत आले आहे. त्या अनुभवाच्या आधाराने उत्तर देते. निवड पूर्णपणे माझ्या आवडीची आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, लोकसंगीतात गाणे सुचवून भागत नाही, ध्वनिमुद्रण सुचवावे लागते. चित्रपटगीताचे एक मूळ, प्रमाण रूप असते आणि नाव सांगितले की तेच रूप सर्वांच्या कानी पडते. लोकगीताचे तसे नाही. एकच गाणे शेकडो गळ्यांतून शेकडो रूपांत आलेले असते. त्यांतले कोणी, कोणत्या साली, कोणत्या वाद्यावर गायलेले रूप ऐकायचे आणि ऐकताना कान कुठे ठेवायचा, एवढे सांगितले तरच शिफारशीला अर्थ येतो. शंभर गाण्यांच्या यादीत नेमकी हीच माहिती गळालेली असते आणि राहते ती फक्त देशांची हजेरी.

ही चूक मीही केली आहे. अगदी सुरुवातीच्या काळात मी दोन तासांच्या एका सत्रात बावीस देशांची बावीस गाणी ऐकवली होती. शेवटी श्रोत्यांना विचारले, यातले पुन्हा कोणते लावू? कोणालाच सांगता येईना. मग मीच त्यांतले तिसरे गाणे पुन्हा लावले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे वाटले. त्या दिवसानंतर मी एका बैठकीत पाचपेक्षा जास्त गाणी कधी ठेवली नाहीत.

‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द या गोंधळात भर घालतो. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका पबमध्ये काही छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची माणसे जमली. रेकॉर्डच्या दुकानात हे सगळे संगीत कोणत्या नावाखाली ठेवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी हे नाव मुक्रर केले. म्हणजे ते दुकानातल्या एका कप्प्याचे नाव आहे. त्या कप्प्यातल्या संगीतांचे एकमेकांशी काही नाते असेलच असे नाही, म्हणून ती सलग ऐकली की कान थकतो. देशांच्या नकाशावरून न जाता कानाला पटणाऱ्या एखाद्या धाग्यावरून एका गाण्याकडून दुसऱ्याकडे जावे, हे बरे.

सुरुवात मी एलिझाबेथ कॉटन यांच्या ‘फ्रेट ट्रेन’पासून करून देते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात वाढलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी हे गाणे अकरा-बारा वर्षांच्या वयात, घराजवळून धावणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकत रचले. पुढे संसार आणि कष्ट यांत गिटार सुटली, ती काही दशके सुटलेलीच राहिली. उतारवयाकडे झुकल्यावर त्या वॉशिंग्टनमध्ये सीगर कुटुंबाकडे घरकामाला लागल्या. ते घर लोकसंगीताच्या अभ्यासकांचे आणि वादकांचे होते. तिथली गिटार हातात घेऊन त्या पुन्हा वाजवू लागल्या. त्या घरातल्या माइक सीगर यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि १९५८ मध्ये ‘फोकवेज’ या ध्वनिमुद्रण कंपनीने ते प्रसिद्ध केले. आपण ऐकायचे ते हेच ध्वनिमुद्रण.

आता कान कुठे ठेवायचा ते सांगते. कॉटनबाई डावखुऱ्या होत्या आणि लहानपणी हाती आलेली वाद्ये उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी तारा लावलेली होती. तारा न बदलता त्यांनी वाद्यच उलटे धरले. त्यामुळे खर्जाच्या जाड तारा खाली गेल्या आणि बारीक तारा वर आल्या. सर्वसाधारण वादक अंगठ्याने खर्ज सांभाळतो आणि बोटांनी धून काढतो. यांच्याकडे बोटे खर्जाचा हेलकावा धरतात आणि धून अंगठा वाजवतो. अंगठ्याचे मांस तारेवर टेकून सुटते, म्हणून त्या धुनेला एक गोल, किंचित जाड स्वर आहे. कितीही सफाईदार वादकाने हे गाणे सरळ गिटारवर वाजवले तरी तो तसाच्या तसा येत नाही. पहिल्या ऐकण्यात फक्त खालचा हेलकावा ऐका, रुळांच्या सांध्यांवरून चाके जावीत तसा तो एकसारखा चालतो. दुसऱ्या ऐकण्यात अंगठ्याची धून धरा. तिसऱ्या वेळी आवाज ऐका. तो गिटारच्या धुनेशीच बोलतो, तिच्यावर चढत नाही. शब्दांत एक मागणे आहे. मेल्यावर मला अशा जागी पुरा की नऊ नंबरची गाडी जाताना मला ऐकू येईल.

हे गाणे इंग्लंडमध्ये पोहोचले तेव्हा त्यावर भलत्यांचीच नावे लागली आणि श्रेय मिळवण्यासाठी बाईंच्या बाजूने झगडावे लागले. त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो वयाच्या नव्वदीत. ही हकिकत मी मुद्दाम सांगते, कारण लोकगीत अनामिक असते, ते ‘लोकांनी’ रचलेले असते, हे अर्धसत्य आहे. पुष्कळदा रचणारी व्यक्ती अगदी ठाऊक असते, फक्त तिचे नाव छापण्याची कोणी तसदी घेतलेली नसते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण म्हणजे ‘म्बुबे’. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ सिंह. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा यांनी आपल्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ या गायकमंडळीसह १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ते ध्वनिमुद्रित केले. पुरुषांचे जाड आवाज खाली एकच ओळ घोटत राहतात आणि त्यांच्यावरून लिंडा यांचा उंच आवाज मोकळा फिरतो. ध्वनिमुद्रण संपत येते त्या सुमाराला त्यांना एक नवी सुरावट जागच्या जागी सुचते आणि ते ती गाऊन टाकतात. ती काही सेकंदांची सुरावट ऐकताच आपण चमकाल, कारण तिच्यावरच पुढे सिंहाच्या निद्रेचे जगप्रसिद्ध इंग्रजी गाणे, ‘द लायन स्लीप्स टुनाइट’, उभे राहिले. त्या गाण्याने अफाट पैसा मिळवला आणि लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारले. त्यांच्या कुटुंबाच्या दाव्यात तडजोड झाली ती थेट २००६ मध्ये. इंग्रजी आवृत्ती आपण ऐकलेलीच असेल. माझा आग्रह आहे की, १९३९ चे हे ध्वनिमुद्रण खरखरीसकट शेवटपर्यंत ऐकावे.

खरखरीवरून एक सूचना. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची ‘स्वच्छ केलेली’ रूपे जागोजाग मिळतात. खरखर काढताना तिच्याबरोबर श्वास आणि तारेचा वरचा झणकारही निघून जातो आणि आवाज कापसात गुंडाळल्यासारखा होतो. दोन्ही रूपे उपलब्ध असतील तर खरखरीचे घ्यावे. कान पाच मिनिटांत सरावतो.

कॉटनबाईंच्या गिटारनंतर मी श्रोत्यांना मालीच्या तुमानी जाबाते यांच्याकडे नेते, कारण धागा तोच आहे, एका माणसाच्या हातून दोन-तीन माणसांचे संगीत निघणे. त्यांचे वाद्य कोरा. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि एकवीस तारा. ते तोंडासमोर उभे धरतात आणि दोन अंगठे व दोन तर्जन्या अशा केवळ चार बोटांनी वाजवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे समाजात ‘जेली’ नावाची वंशपरंपरागत गायक-वादकांची घराणी आहेत. राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह तोंडपाठ ठेवणे हे त्यांचे काम. तुमानी अशाच घराण्यातले. १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कैरा’ या संग्रहात फक्त कोरा आहे, दुसरे वाद्य नाही, वरून जोडलेला एकही थर नाही. वाजवणाऱ्याचे वय तेव्हा पंचविशीच्या आतले होते. त्यातले ‘जराबी’ हे प्रेमगीत आधी घ्यावे.

‘जराबी’ पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दोन वादक असल्याचा भास होतो. अंगठे खाली एक आवर्तन फिरवत ठेवतात, ते जणू विणीचे उभे धागे. त्यावर तर्जन्या एक धून बांधतात आणि मधूनच वरच्या तारांवरून एक झरझर उतरणारी तान येऊन पुन्हा त्या आवर्तनात मिसळून जाते. ऐकताना खालच्या आवर्तनावर मन घट्ट ठेवा आणि तान येईल तेव्हा तिच्यामागे जाऊ नका. तान संपल्यावर आवर्तन नेमक्या त्याच जागी चालू असल्याचे कळते, तो क्षण या संगीतातला मोठा आनंद आहे. फोनच्या इवल्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नये, कारण त्यातून खर्ज बाहेरच पडत नाही आणि अर्धे गाणे नाहीसे होते. साधे हेडफोन पुरतात.

आता दुसरा प्रश्न, शब्दांचा. माझी पद्धत अशी आहे की, पहिल्यांदा ऐकताना काहीही वाचायचे नाही, दुसऱ्यांदा एकाच वाद्यावर किंवा एकाच आवाजावर लक्ष द्यायचे आणि तिसऱ्यांदा अर्थ वाचून ऐकायचे. अर्थ आधी वाचला की आपण गाण्यात तोच शोधू लागतो आणि सुरांत वेगळे काही चालले असेल तर ते निसटते. अर्थ कधीच वाचला नाही तर गाणे नुसती सजावट होऊन बसते, हेही तितकेच वाईट. हा क्रम ज्या गाण्याने मला शिकवला ते सेझारिया एव्होरा यांचे ‘सोदाद’.

केप व्हर्दे हा आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरातला द्वीपसमूह. पोर्तुगीज अंमलात तिथली माणसे मजुरीसाठी दूरच्या साओ तोमे बेटावरच्या मळ्यांत नेली जात. १९५० च्या दशकात अशाच जाणाऱ्यांना निरोप देताना अर्मांदो झेफेरिनो सोआरेस यांनी हे गाणे रचले. श्रेयाचा घोळ इथेही झालाच आणि त्यांचे नाव गाण्याला लागायला फार वर्षे गेली. एव्होरा यांनी तरुणपणी मिंदेलो बंदरातल्या बारमध्ये गाऊन पोट भरले, मग कित्येक वर्षे गाणे सोडून दिले. १९९२ च्या ‘मिस पर्फुमादो’ या संग्रहात हे गाणे आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

अर्थ न वाचता ऐकल्यास हे गाणे आपल्याला जवळजवळ आनंदी वाटेल. ताल झुलता आहे, छोट्या तंतुवाद्याची छेड हलकी आहे आणि आवाजात कुठेही हुंदका नाही. मग अर्थ वाचावा: ही लांबची वाट तुला कोणी दाखवली, साओ तोमेची ही वाट कोणी दाखवली? पुढे आपल्या गावाकडच्या बेटाचे नाव घेऊन एकच शब्द फिरत राहतो, ‘सोदाद’. दूर गेलेल्याची, कदाचित परत न दिसणाऱ्याची ओढ, असा त्याचा अर्थ. आता तिसऱ्यांदा ऐका. बाई तो प्रश्न विचारतात पण स्वर उंचावत नाहीत, कारण उत्तर त्यांना ठाऊक आहे. आवाज न चढवता इतके सोसलेपण कसे आणता येते, हे मला अजूनही पुरते उमगलेले नाही आणि म्हणून मी या गाण्याकडे वरचेवर परत जाते. ते आवडले तर पुढे पोर्तुगालच्या फादो या गानप्रकाराकडे, विशेषतः अमालिया रॉद्रिगेश यांच्याकडे जाणे सोपे पडते. मात्र फादोत दुःख उघड बोलते. तो फरक लक्षात ठेवावा.

एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकणे हा कान तयार करण्याचा उत्तम मार्ग आहे. त्यासाठी चिलीच्या व्हिओलेता पारा यांचे ‘ग्रासियास आ ला विदा’ घ्यावे. जीवनाचे आभार मानणारे हे गाणे त्यांच्या १९६६ मधल्या शेवटच्या संग्रहात आहे. डोळे दिले म्हणून, कान दिले म्हणून, शब्द दिले म्हणून, दमलेल्या पायांना चालणे दिले म्हणून, अशी कडव्यामागून कडवी पुढे जातात. पारा यांचा आवाज कोरडा आहे, त्यात नटवेपणा नाही, जणू कोणी घरातल्या वस्तूंची यादी वाचून दाखवत आहे. १९६७ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. अर्जेंटिनाच्या मर्सेडेस सोसा यांनी १९७१ मध्ये पारा यांच्या गीतांचा संग्रह केला आणि त्यांच्या भरदार, खोल आवाजात हेच शब्द साऱ्या खंडाची प्रार्थना झाले. पुढे लष्करी राजवटीमुळे सोसा यांना देश सोडावा लागला, त्यानंतर तर या गाण्याला आणखी एक अर्थ चिकटला. बहुतेकांनी सोसांचे रूप ऐकलेले असते आणि ते थोर आहे यात शंका नाही. तरीही मला एकच निवडायला सांगितले तर मी पारांचे निवडेन. आभार मानणारी व्यक्ती किती थकलेली आहे, हे तिथे कळते.

आतापर्यंतची गाणी सुरांच्या दृष्टीने आपल्या कानाला परकी नाहीत. इथून पुढे थोडी चढण आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याला ठाऊक असेल. त्याच तबकडीवर बल्गेरियाच्या व्हाल्या बाल्कान्स्का यांचे ‘इझलेल ये देल्यो हाइदुतिन’ आहे. रोदोपी डोंगरातल्या देल्यो नावाच्या बंडखोराचे हे गाणे. साथीला खर्जाची गाइदा, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी असलेले वाद्य, जे आपल्या सनईसारख्या नळीच्या सुराशेजारी एक अखंड आधारस्वर धरून ठेवते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा आधारस्वर ओळखीचा वाटतो आणि तिथूनच आत शिरावे. बाईंचा आवाज मात्र धारदार आणि सरळ आहे. तो डोंगराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचण्यासाठी घडलेला आहे. स्वर संपताना त्या गळ्यातून जी बारीक उसळी मारतात, ती ऐकायला विसरू नये.

याच देशातल्या स्त्रियांच्या गायनवृंदांची ध्वनिमुद्रणे स्विस संग्राहक मार्सेल सेलिए यांनी १९७५ मध्ये ‘बल्गेरियन आवाजांचे गूढ’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने प्रसिद्ध केली आणि ती फार गाजली. त्यात यांका रुप्किना यांनी गायलेले ‘कालिमांकू देंकू’ आहे. मला ते अतिशय प्रिय आहे. दोन आवाज शेजारशेजारच्या स्वरांवर उभे राहतात, एकमेकांना घासतात आणि त्या घर्षणातून घंटेसारखा कंप उठतो. पहिल्यांदा तो बेसूर वाटू शकतो, पण गायिका तिथे चुकून गेलेल्या नाहीत, ठरवून थांबल्या आहेत. हे शेतात गायलेले गाणे जसेच्या तसे आहे, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. शिकलेल्या संगीतकारांनी सरकारी गायनवृंदांसाठी केलेल्या या बांधण्या आहेत. त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही, फक्त आपण काय ऐकत आहोत ते कळते.

बल्गेरियन नृत्यगीतांकडे वळलात तर मात्रांचा प्रश्न येईल. पाश्चात्त्य श्रोते तिथल्या सात मात्रांना बिचकतात. आपला रूपक ताल ऐकलेल्याला बिचकण्याचे कारण नाही. रूपकात तीन, दोन, दोन असे खंड पडतात, तिथल्या राचेनित्सा या नृत्यात दोन, दोन, तीन असे. लय मात्र इतकी द्रुत असते की मोजू गेल्यास मागे पडाल, म्हणून दोन आखूड आणि एक लांब पाऊल, असे अंगाने धरावे.

सुवर्ण तबकडीवरचेच जॉर्जियाचे ‘चाक्रुलो’ पुरुषांच्या तीन आवाजांचे आहे. खाली भिंतीसारखा खर्ज आणि वर दोन आवाज आळीपाळीने चढत जातात. ते मोठ्या आवाजात ऐकावे, एवढेच सांगते. रशियातल्या तुवा प्रदेशाच्या कंठगायनाबद्दल लोक फार विचारतात. एका गळ्यातून एकाच वेळी खर्ज आणि त्यावर शिटीसारखा दुसरा स्वर काढणे ही करामत थक्क करणारी आहे खरी, पण करामत म्हणून ऐकले की दहा मिनिटांत कुतूहल संपते. म्हणून ‘हून-हूर-तू’ या मंडळीच्या १९९३ च्या संग्रहातले ‘कोंगुरेय’ ऐकावे. माझ्या साठ घोड्यांचा कळप कुठे गेला, असे विचारणारे ते संथ गाणे आहे आणि त्यात करामत कमी, गाणे जास्त आहे.

एका गाण्यापाशी मात्र मला थांबायचे आहे. तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातल्या सिव्रिआलान गावी १८९४ मध्ये जन्मलेल्या आशिक वेसेल यांची दृष्टी लहानपणी देवीच्या साथीत गेली. मन रमावे म्हणून वडिलांनी हाती साझ दिले, लांब मानेचे, तारांच्या तीन जुड्या असलेले वाद्य. ‘आशिक’ म्हणजे गावोगाव फिरून स्वतःची कवने गाणारा कवी. १९७३ मध्ये ते गेले तोवर त्यांची कवने देशभर तोंडपाठ झाली होती. त्यांतले ‘उझुन इंजे बिर योल्दायिम’ मी आजवर बहुधा सर्वाधिक वेळा ऐकवले आहे. शब्द असे: मी एका लांब, अरुंद वाटेवर आहे, रात्रंदिवस चालतो आहे, कोणत्या अवस्थेत आहे ते मलाच ठाऊक नाही. पुढे ते जगाला दोन दारांची सराई म्हणतात, एका दाराने आत येऊन दुसऱ्याने बाहेर पडायची.

हे गाणे पुढे कितीतरी मोठ्या गायकांनी वाद्यमेळासह गायले. त्या रूपांत ते तत्त्वज्ञान होऊन बसते. वेसेल यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणात तसे काही नाही. साझवरचा आघात ठरावीक अंतराने पडतो, ना जलद ना संथ, आणि ओळ संपल्यावर ते पुढची ओळ सुरू करण्याची घाई करत नाहीत. मधल्या त्या रिकाम्या जागेत साझ तेवढे चालत राहते. डोळ्यांनी न दिसणारा माणूस पायाने वाट चाचपत चालावा, तसे ते मला नेहमी ऐकू येते. एकदा एका सत्रात हे लावले तेव्हा वीजपुरवठा अर्ध्यात गेला आणि गाणे तुटले. दिवे आल्यावर सगळ्यांचे एकच म्हणणे पडले की, पुढचे गाणे नको, हेच पहिल्यापासून लावा. एखादी शिफारस पोहोचली की नाही, हे मी तेव्हापासून याच कसोटीवर ठरवते.

तुर्कस्तानात आहातच तर ‘क्यातिबिम’ ही धूनही शोधावी. तीच धून ग्रीक, बोस्नियन, अरबी अशा कितीतरी भाषांत वेगवेगळ्या शब्दांनी गायली जाते आणि बाल्कनमध्ये तर ती आमचीच, असा दावा प्रत्येक जण मनापासून करतो. तीन भाषांतली तीन रूपे एका संध्याकाळी ऐकली की, एका धुनेला कोणी लाडिक केले, कोणी करुण केले, कोणी लढाईवर नेले, हे आपोआप ध्यानात येते.

काही गाणी मी सुरुवातीला मुद्दाम टाळते. इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम यांचे ‘अल-अतलाल’ माझ्या सर्वांत आवडत्या गायनांपैकी आहे, पण रंगमंचावर ते तासाच्या आसपास चालते आणि एकेक ओळ श्रोत्यांच्या दादेबरोबर पुनःपुन्हा नवी होत जाते. ती वेगळी बैठक आहे, तिला पूर्ण संध्याकाळ द्यावी. उलट ऑस्ट्रेलियाच्या योल्ङू समाजातले अंध गायक गुर्रुमुल यांच्या २००८ च्या संग्रहातले ‘वियाथुल’ कोणीही, केव्हाही ऐकावे. तेही डावखुरे होते आणि कॉटनबाईंसारखीच उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत. पेरूच्या सुसाना बाका यांचे ‘मारिया लान्दो’ हेही कोणालाही ऐकवण्यासारखे. दिवस उजाडल्यापासून दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईचे ते गाणे आहे आणि त्यातली लय दमलेल्या माणसाच्या चालीसारखी मागे रेंगाळते.

संगणकाने आपोआप लावलेल्या पुढच्या गाण्यावर विसंबू नये, असे मी नक्की सांगेन. ती निवड बहुधा मिळत्याजुळत्या आवाजावरून होते, त्यामुळे कोरानंतर कोरा आणि बासरीनंतर बासरी येत राहते व सगळे मिळून झोपेला पोषक असे एक पार्श्वसंगीत तयार होते. त्याऐवजी संग्रहाबरोबरची टिपणे वाचावीत. फोकवेजचा सगळा साठा १९८७ पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि एकही संग्रह अनुपलब्ध होऊ द्यायचा नाही, ही अट त्यांनी पाळली आहे. त्यांची मूळ टिपणेही वाचायला मिळतात. कोण वाजवत आहे, वाद्य कशाचे आहे, गाणे कोणत्या प्रसंगी गातात, हे त्यांत असते. आठवड्याला एक गाणे या हिशेबाने वर सांगितलेली गाणी तीन-चार महिने पुरतील.

राहिला तिसरा प्रश्न, मित्रमंडळींना ऐकवायच्या एका गाण्याचा. इथे मी वेसेल किंवा ‘जराबी’ सांगणार नाही, कारण गप्पांच्या मैफलीत त्यांना न्याय मिळत नाही. ‘चान चान’ लावा. क्युबातले हे गाणे कोंपाय सेगुंदो यांचे. ‘ब्वेना व्हिस्ता सोशल क्लब’ या संग्रहासाठी १९९६ च्या मार्चमध्ये हवानात ते ध्वनिमुद्रित झाले तेव्हा सेगुंदो अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. मुळात मालीचे वादक येऊन क्युबाच्या वादकांबरोबर वाजवणार, असा बेत होता. प्रवासाच्या कागदपत्रांअभावी ते पोहोचू शकले नाहीत आणि हाताशी असलेल्या क्युबन वादकांना, त्यांतल्या बऱ्याच वृद्ध व विस्मरणात गेलेल्या, जमवून दुसराच संग्रह उभा राहिला.

ही हकिकत आधी सांगू नका. फक्त एवढे सांगा की, गाण्याच्या सुरुवातीला चार गावांची नावे येतात, आल्तो सेद्रो, मार्काने, कुएतो, मायारी, आणि गाणारा एका गावाहून दुसऱ्याकडे निघाला आहे. चार स्वरसंघांचे (कॉर्डचे) एकच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरते, एलियादेस ओचोआ यांचा आवाज पुढे आणि सेगुंदो यांचा जाड, वयस्क आवाज त्याच्या खाली. आपण स्वतः गाण्यावर काही बोलू नका आणि आवाज गप्पांच्या किंचित वर ठेवा. साधारण दुसऱ्या कडव्यापाशी कोणीतरी बोलता बोलता थांबते आणि विचारते, हे काय लावले आहे? ज्याने विचारले त्याला हकिकत सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्या एकट्याला ‘सोदाद’ पाठवा.